गोड बोलण्यापेक्षा चुटपुट मोलाची

संपादक महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत ग्राहकसेवेत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आलेला लेख वाचला. हसतमुख चेहरा, गोड वाणी, संयम, सकारात्मक दृष्टिकोन, संघभावना अशी दहा-बारा गुणांची यादी त्यात होती. यादीत चुकीचं काहीच नाही. पण हीच यादी शिक्षक, परिचारिका, स्वागतिका, कुणाच्याही कामाला चिकटवली तरी बसेल. नेमकं या कामाला काय लागतं ते तिच्यात सापडेना, म्हणून हे पत्र. लांबेल, तर कात्री लावायला आपण मोकळे आहात.

मी सव्वीस वर्षं हेल्पलाइनवर काढली. पहिली सतरा हेडसेट लावून आणि पुढची नऊ हेडसेट लावणाऱ्यांच्या मुलाखती घेत, त्यांचे कॉल ऐकत. कंपनी प्रिंटर विकायची. म्हणजे आमच्याकडे फोन यायचा तो प्रिंटर बिघडल्यावरच. ‘आज छान छापतोय हो’ असं सांगायला सव्वीस वर्षांत एकानेही केला नाही. निवृत्तीला तीन वर्षं झाली, तरी कुणी नंबर सांगितला की मी तो आपोआप परत म्हणून दाखवते. घरचे हसतात.

एक प्रसंग सांगते. एका छोट्या कार्यालयातले गृहस्थ तीन आठवड्यांत चौथ्यांदा फोन करत होते. दर सोमवारी प्रिंट फिकट येते, मध्ये पांढरे पट्टे येतात, अशी तक्रार. पहिल्या कॉलला आमच्या मुलाने शाईचं कार्ट्रिज बदलून दिलं. दुसऱ्या वेळी प्रिंटरचं शाई सोडणारं हेड साफ करायची आज्ञा द्यायला लावली. तिसऱ्यांदा माणूस पाठवला. तो मंगळवारी पोचला, तेव्हा प्रिंटर एकदम ठणठणीत. तिन्ही वेळा टिकेटवर, म्हणजे तक्रारीच्या नोंदपत्रावर, एकच नोंद: ‘ग्राहकाला समजावले. ग्राहक समाधानी.’ आणि टिकेट बंद. समाधानी माणूस चौथ्यांदा फोन कशाला करेल, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. त्या तिघांचेही कॉल मी नंतर ऐकले. आवाज मधाळ, ‘सर’ आणि ‘क्षमस्व’ जागच्या जागी. कॉल ऐकून गुण देणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी तिघांना नव्वदच्या वर गुण दिले होते.

चौथा कॉल एका नव्या मुलीला लागला. तिचा आवाज जरा घोगरा, बोलणं तुटक. प्रशिक्षणात तिला ‘आणखी मृदू व्हा’ असा शेरा मिळालेला. त्या गृहस्थांनी चार मिनिटं आगपाखड केली. तिने मध्ये तोंड घातलं नाही. मग तिने विचारलं, ‘साहेब, शनिवारी निघताना तुम्ही प्रिंटर बंद कसा करता?’

पलीकडे क्षणभर शांतता. पुढचं नंतर सांगते.

तिच्यात आणि त्या तिघांत फरक कसला? ती जास्त प्रेमळ होती असं नाही. ज्ञानही जास्त नव्हतं, तिला लागून दोन महिने झाले होते. फरक एवढाच की टिकेटवरच्या आधीच्या नोंदी वाचून तिला चैन पडेना. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, चुटपुट. काम अर्धवट राहिलं, उत्तर जुळलं नाही, की काहींच्या मनाला ती लागून राहते. काहींच्या लागत नाही. माझ्या मते ग्राहकसेवेला लागणारा पहिला गुण हा. गोड गळा सातव्या-आठव्या क्रमांकावर ठेवला तरी चालेल.

आवाजाला पहिलं स्थान मिळालं कसं, यामागे जुना इतिहास आहे. टेलिफोन नवा होता तेव्हा कनेक्शन जोडून द्यायला तारखात्यात काम केलेली पोरं घेतली गेली. पोरं चपळ होती, पण ग्राहकांशी टवाळी करायची, उलट उत्तरं द्यायची, शिव्याही द्यायची. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट कामावर रुजू झाल्या. टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करणारी ही पहिली स्त्री. काही तासांनी त्यांची बहीण स्टेला रुजू झाली. ग्राहक इतके खूश झाले की थोड्याच वर्षांत या कामावरून पोरं जवळजवळ हद्दपार झाली. सगळ्यांनी धडा घेतला तो असा: बाईचा मऊ आवाज हवा. पण एमा नट त्या कामावर तीसहून अधिक वर्षं टिकल्या. नुसत्या मऊ आवाजावर कुणी एवढं टिकत नाही. फोन करणाऱ्याला हवा तो माणूस जोडून मिळत होता, हे मात्र त्या धड्यातून गळलं. आमच्या क्षेत्रात आजही भरतीची पहिली फेरी आवाजाची असते.

२०१७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक अभ्यास आला होता. ग्राहकसेवकांच्या स्वभावाचे सात प्रकार पाडून कुणाचं काम सरस ठरतं ते त्यात पाहिलं होतं. व्यवस्थापकांना भरतीसाठी सर्वांत आवडतो तो सहानुभूतीवाला. कामात अव्वल ठरला तो सूत्रं हातात घेणारा, ‘आता आपण असं करू’ म्हणून ग्राहकाला वाट दाखवणारा. कारणही उघड आहे. सोपे प्रश्न लोक आता वेबसाइटवर स्वतःच सोडवतात. माणसापर्यंत पोचतो तो गुंता, आणि गुंता घेऊन आलेल्या माणसाला ‘तुमची अडचण मी समजू शकते’ हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. मला स्वतःला वाटला आहे. एका विमा कंपनीत माझा दावा अडकला होता, तेव्हा मुलगा इतक्या वेळा समजू शकला की शेवटी मीच त्याला म्हटलं, ‘समजून घेऊ नका, फाइल कुणाच्या टेबलावर आहे तेवढं सांगा.’ त्याने मला होल्डवर टाकलं. संगीत छान होतं.

सहानुभूती नको असं कुणी समजू नये. पण ती वाक्यात नसते, पुढच्या प्रश्नात असते. ‘वाईट वाटलं’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘शनिवारी बंद कसा करता?’ विचारणारीने त्या गृहस्थांची जास्त काळजी केली.

आता माझी एक चूक. कबूल करायला अजून जड जातं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना एका ग्राहकाचा फोन आला. तंत्रज्ञ कधी येईल, एवढंच त्यांना हवं होतं. त्या भागातला तंत्रज्ञ आठवडाभर रजेवर होता आणि ते मला स्क्रीनवर दिसत होतं. ‘आठवडा लागेल’ म्हटलं असतं तर पुढची वीस मिनिटं बोलणी खावी लागली असती. मी अतिशय गोड आवाजात म्हटलं, ‘उद्या नक्की येईल, सर.’ ते आभार मानून फोन ठेवून मोकळे झाले. मीही घरी गेले.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन योगायोगाने मलाच लागला. ते तीन दिवस कामावर न जाता घरी थांबले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना?’ मी हो म्हटलं. ते बरं म्हणाले. फोन ठेवला. पुढची पंचवीस वर्षं मी कुणाला ‘उद्या नक्की’ म्हटलेलं नाही.

यातून मी शिकले ते तुमच्या यादीत कुठेच नव्हतं: वाईट बातमी वेळेवर आणि स्पष्ट सांगण्याची हिंमत. ‘होणार नाही’, ‘आठवडा लागेल’, ‘हे वॉरंटीत बसत नाही’. ही वाक्यं आवाज न चढवता, पण न गुळमुळता ज्याला उच्चारता येतात तो या धंद्यात टिकतो. ज्यांना सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं वाटतं, अशी माणसं इथे फार लवकर खोटं बोलायला लागतात. स्वभावाने वाईट नसतात बिचारी. नकार देताना त्यांच्या घशात अडकतं, म्हणून ‘बघते, करते, होऊन जाईल’ म्हणत राहतात. अशी कितीतरी लाघवी मुलं-मुली मी पाहिली. दिवसाचा त्यांचा प्रत्येक कॉल हसतखेळत संपायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दिलेले शब्द शेजारची मुलं निस्तरत बसायची.

१९८०च्या दशकात परसुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी सेवेचा दर्जा मोजायच्या कसोट्या मांडल्या. १९८८ साली त्या पाचावर आल्या: विश्वासार्हता, तत्परता, ग्राहकाला वाटणारी खात्री, आपुलकी आणि डोळ्यांना दिसणारा थाटमाट. यात काय महत्त्वाचं असं विचारलं की लोक पहिलं बोट ठेवतात ते विश्वासार्हतेवर, म्हणजे सांगितलं ते केलं का यावर. माझ्या त्या ‘उद्या नक्की’ला आपुलकीचे पैकीच्या पैकी गुण पडले असते.

नोंद लिहिण्याबद्दल थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. चांगला ग्राहकसेवक ओळखायचा तर त्याचा कॉल ऐकू नका, त्याची टिकेटवरची नोंद वाचा. ‘ग्राहक चिडला होता, समजावले’ ही नोंद निरुपयोगी. ‘फक्त सोमवारी होते. शनिवारी दुपारपर्यंत व्यवस्थित. कार्ट्रिज बदलले, फरक नाही. साफ केल्यावर ठीक.’ ही नोंद पुढच्या माणसाची पंधरा मिनिटं वाचवते, आणि ग्राहकाला तीच रामकहाणी पुन्हा सांगायला लावत नाही. लोक फोनवर चिडतात ते बहुतेक वेळा बिघाडामुळे नव्हे, तर पाचव्यांदा पहिल्यापासून सांगावं लागतं म्हणून. ज्याला आपल्यानंतर येणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या सहकाऱ्यासाठी चार नीट ओळी लिहाव्याशा वाटतात, त्याला मी डोळे मिटून घेईन. शुद्धलेखन कसंही असो.

शिव्यांचं काय, असं मला सगळे विचारतात. खातो आम्ही. ‘जाड कातडी हवी’ असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. कातडी जाड झाली की ऐकूही कमी येतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास करून या प्रकाराला ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. एकीने मनात नसताना हसायचं, दुसऱ्याने मनात नसताना डोळे वटारायचे, पगार त्याचाच. नुसता चेहऱ्यावरचा अभिनय दिवसभर केला की माणूस आतून पोकळ होत जातो, हे मी शेजारच्या खुर्च्यांवर पाहिलं आहे. सात तास हसरं बोलणारी मुलगी जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभी असायची.

मला जे उपयोगी पडलं ते सांगते. चिडलेला माणूस बोलत असताना मी त्याच्या वाक्यातली तथ्यं कागदावर उतरवायचे. ‘तुम्ही सगळे चोर आहात, मंगळवारपासून बंद आहे, माझं महत्त्वाचं काम अडलंय, लाज वाटत नाही का?’ यातून कागदावर उतरायचं: मंगळवार. काम अडलंय. बाकीचं वाऱ्यावर. हात लिहिण्यात गुंतला की तोंड उलट उत्तर द्यायला जात नाही, आणि त्याचं बोलणं संपल्यावर ‘मंगळवारी सकाळी की संध्याकाळी?’ असं विचारलं की आपण ऐकत होतो हे त्याला कळतं. हा गुण आहे की युक्ती, मला माहीत नाही. आईबापावरून शिव्या देणाऱ्याचा कॉल मात्र एकदा ताकीद देऊन बंद करायची मुभा कर्मचाऱ्याला असलीच पाहिजे. ती जिथे नाही तिथे नोकरी धरू नये.

इथे कंपन्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, कारण पुरवणीतले लेख सगळा भार उमेदवारावर टाकतात. डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फोनच्या रांगांचं गणित मांडलं. आमचे शिफ्ट लावणारे आजही तेच वापरतात. एक उदाहरण घ्या. अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटं लागतात. म्हणजे १० माणसांना श्वास घ्यायला फुरसत नाही आणि रांग वाढतच जाणार. ११ माणसं बसवली तर त्या सूत्राप्रमाणे ग्राहकाला सरासरी सुमारे २ मिनिटं ताटकळावं लागतं. १२ बसवली तर ४० सेकंद. १३ बसवली तर जेमतेम १७ सेकंद. फक्त दोन माणसांचा फरक! अकरा जणांच्या खोलीत प्रत्येक कॉल चिडलेल्या माणसाचा असतो आणि कर्मचाऱ्यांचा ‘संयम’ कमी पडतो. तेरा जणांच्या खोलीत तीच माणसं अचानक सुस्वभावी होतात. मी दोन्ही खोल्यांत बसले आहे. संयमाच्या कार्यशाळेवर कंपनीने जो खर्च केला त्यात दोन खुर्च्या सहज भरल्या असत्या.

तसंच ‘हॅन्डल टाइम’चं. एक कॉल अमुक मिनिटांत संपवा, असा काटा डोक्यावर टांगला की सगळ्यात आधी मरते ती चुटपुट. त्या तीन मधाळ आवाजांनाही मी पूर्ण दोष देत नाही. त्यांचे कॉल पाच मिनिटांच्या आत संपले होते; शाबासकी त्याचीच मिळायची.

तरुणांनी स्वतःला कसं तपासावं? फार सोपं आहे. घरात कुणाचा मोबाइल बिघडला तर तुम्ही ‘दुकानात दाखव’ म्हणता, की ‘कधीपासून होतंय, त्याआधी काय केलंस?’ असं विचारता? मित्राने अर्धं बोलणं सोडलं तर तुम्हाला पुढचं हवं असतं का? ‘नंतर फोन करतो’ म्हटल्यावर खरंच करता का? हे तिन्ही जमत असेल तर बुजरे असलात तरी या. आमच्याकडचे दोन सर्वोत्तम कर्मचारी चारचौघांत तोंड उघडत नसत.

मुलाखतीत मी एक खोडी करायचे, आता सांगायला हरकत नाही. बोलता बोलता उमेदवाराला एखाद्या ग्राहकाची गोष्ट सांगायची, ऐन मोक्यावर ती तोडायची आणि ‘बरं, तुमचं शिक्षण कुठे झालं?’ असं म्हणून पुढे जायचं. मुलाखत संपायची. बहुतेक जण आभार मानून, हसून निघून जायचे. एखादा दारापाशी थबकायचा आणि संकोचत विचारायचा, ‘मॅडम, मग त्या माणसाचं काय झालं?’ त्याचं नाव मी यादीत वर घ्यायचे. नऊ वर्षांत ही पद्धत मला फारशी फसवून गेली नाही. घोगऱ्या आवाजाची ती मुलगी अशीच दारातून परत फिरली होती.

वर मी प्रिंटरची गोष्ट अर्धवट सोडली आहे. ज्या वाचकांना इथपर्यंत ती टोचत राहिली, त्यांच्यासाठी पुढचं.

ते गृहस्थ म्हणाले, ‘बंद कसा म्हणजे? शेवटचा कागद बाहेर आला की भिंतीवरचं बटण बंद करतो, कुलूप लावतो आणि निघतो.’ शाईच्या प्रिंटरला त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की त्याचं हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि शाईची बारीक छिद्रं झाकली जातात. छपाई संपते न संपते तोच वीजच तोडली, तर हेड थांबलं असेल तिथे उघडं राहू शकतं. एका रात्रीत फारसं बिघडत नाही; शनिवार दुपार ते सोमवार सकाळ एवढ्या वेळात शाई छिद्रांत सुकते. सोमवारी पांढरे पट्टे, साफ केल्यावर मंगळवारी ठणठणीत. तिने त्यांना एवढंच सांगितलं: ‘आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा विझेपर्यंत थांबा, मग भिंतीवरचं.’ कॉल अकरा मिनिटं चालला. हॅन्डल टाइम ओलांडला म्हणून तिचे गुण कापले गेले. ते मी नंतर भांडून परत मिळवून दिले.

पुढच्या सोमवारी तिची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी सव्वादहाला तिचा माझ्या टेबलावर फोन. मला वाटलं, बरं नाही की काय.

‘मॅडम, ते सोमवारवाले साहेब... त्यांचा फोन आलाय का?’

मी स्क्रीनवर पाहिलं. नव्हता आला.

‘मग झालं तर,’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आपली,
एक निवृत्त हेल्पलाइन कर्मचारी